पंधरा वर्षांच्या मुलाला रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, न्यायचंच का?

पापडीची आई:
गेल्या रविवारी माझ्या मुलाने पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि आतूनच सांगितलं, "मम्मी, मी येणार नाही. मला तिथे काहीच वाटत नाही." वय पंधरा. नवरा म्हणाला, राहू दे आज. मी नाही राहू दिलं. उठवलं, शर्ट काढून दिला, नेलं. येताना तिघेही गप्प. घरी सासूबाईंनी विचारलं, आज बायबलमधलं पहिलं वाचन कुठलं होतं रे? त्याला सांगता आलं नाही. आणि खरं सांगते, मलाही आठवेना.

त्या दिवसापासून डोक्यात हेच आहे. माझं मत स्पष्ट आहे: मूल आपल्या घरात आहे तोवर रविवारची मिस्सा चुकवायची नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी ते रडत होतं, उत्तरं आम्ही दिली होती. फादरांनी विचारलं, याला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी घेताय, हे तुम्हाला समजतंय ना? आम्ही हो म्हणालो. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्तीवरून त्याची मेणबत्ती त्याच्या बाबांनी पेटवून घेतली. तो शब्द मुलाने नाही, आम्ही दिलाय. मग तो पंधरा वर्षांचा झाला म्हणून सोडून कसा द्यायचा? शाळा नको म्हणाला असता तर सोडली असती का? तुम्ही तुमच्या घरी काय करता ते सांगा.

विरारचा मी:
ताई, मी तुमच्या मुलाच्या बाजूने लिहितोय, कारण तो मीच होतो. आमच्याकडे संध्याकाळी जपमाळ सुरू झाली की गुडघे टेकायचे, हलायचं नाही. हललो तर वडिलांचा हात. जपमाळेचे पाचही भाग, म्हणजे रहस्यं, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणायचो. मिनिटकाटा कुठे आला म्हणजे शेवटची 'नमो मरिया' ही प्रार्थना येते, ते मला पाठ होतं. पुण्याला होस्टेलवर गेलो आणि अकरा वर्षं चर्चची पायरी चढलो नाही. देवाबद्दल राग नव्हता. प्रार्थना म्हटली की वडिलांचा हातच आठवायचा.

शाळेची तुलना मला पटत नाही. गणित सक्तीने येतं, प्रेम येत नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हेच म्हटलंय की श्रद्धेच्या बाबतीत कोणावर जबरदस्ती करता येत नाही. ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, जगाला सांगितलं ते आपण स्वतःच्या पोराला का लागू करत नाही?

रविवारचा वर्ग:
मी एकोणीस वर्षं धर्मशिक्षण शिकवते. दादा, तुमच्या वडिलांचा हात चुकीचाच होता, त्यावर वाद नाही. पण त्याच जाहीरनाम्याचा पाचवा परिच्छेद वाचा. मुलांना कोणतं धर्मशिक्षण द्यायचं हे ठरवण्याचा हक्क आईवडिलांचा आहे, असं तिथे आहे. आणि त्याच वर्षीच्या शिक्षणाच्या जाहीरनाम्यात पालकांना मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटलंय. पहिले तुम्ही. आम्ही नंतर.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. माझ्याकडे मूल आठवड्यात पाऊण तास असतं. पालक गेटवर सोडतात, स्कूटरवरच बसून मोबाइल बघतात, वर्ग सुटला की घेऊन जातात. मूल मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर घेतं त्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या पालकसभेत मला सर्वाधिक प्रश्न येतात ते फ्रॉकच्या लांबीचे, फोटोग्राफरला वेदीजवळ किती पुढे येऊ देणार याचे. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये या स्वीकाराचं वय सातच्या आसपास आणलं, कारण लहान मुलालाही साधी भाकर कुठली आणि ख्रिस्ताचं शरीर कुठलं हे कळतं. ते कळायला घरी कोणीतरी सांगावं लागतं. एका मुलाला विचारलं, तुमच्याकडे जेवणाआधी प्रार्थना कोण सुरू करतं? तो म्हणाला, "आजी गावाहून आली की आजी." आजी नसेल तेव्हा? त्याने खांदे उडवले.

आईंना एक विचारते, राग मानू नका. मुलाला वाचन आठवलं नाही याचं वाईट वाटलं की तुम्हाला आठवलं नाही याचं?

पापडीची आई:
माझं मला जास्त लागलं. म्हणूनच इथे लिहिलं.

दोन घरांची सून:
मी हिंदू, नवरा कॅथलिक. आमचं लग्न चर्चमध्ये झालं तेव्हा नवऱ्याने वचन दिलं की होणाऱ्या मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करेन. मला फक्त ते कळवलं गेलं, माझ्याकडून काही लिहून घेतलं नाही. फादरांनी समजावून सांगितलं की १९७० च्या आधी दोघांकडूनही लिहून घ्यायचे. मला तो बदल सन्मानाचा वाटला.

पण वचन नवऱ्याने दिलं आणि रविवारी मुलीला वर्गाला सोडते मी. त्याची शिफ्ट असते, नसली की झोप. "हे आमच्या स्वर्गातील बापा" मी पाठ केलं, कारण मुलीला रात्री म्हणून दाखवायला कोणी नव्हतं. तरी एक बाई तोंडावर म्हणाल्या, आई हिंदू, मुलगी काय शिकणार! त्या रात्री मी खूप रडले. मुलगी माझ्या आईकडे जाते तेव्हा शुभंकरोतीला हात जोडून उभी राहते. तिला माहीत आहे, आजीचा देवाशी बोलायचा तो वेळ आहे. यात तिच्या श्रद्धेचं काय बिघडतं, मला कोणी सांगावं.

इथे सगळे "पालक" म्हणताय. बहुतेक घरांत पालक म्हणजे आई. वडील कुठे आहेत या चर्चेत?

विरारचा मी:
हा प्रश्न मला झोंबला, कारण मीही आता बाप आहे. मुलगा चार वर्षांचा. बाप्तिस्मा दिलाय. सक्ती करायची नाही हे पक्कं ठरवलं, पण सक्तीच्या जागी काय करायचं ते मी ठरवलंच नाही. तरी मूळ मुद्दा सोडत नाही. पंधराव्या वर्षी ओढून नेलेला मुलगा अठराव्या वर्षी जाईल याची खात्री कोण देतं? त्यापेक्षा त्याला बसवून विचारा, काय पटत नाही.

वाघोलीचा आजोबा:
माझं वय पंच्याहत्तर. आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये. फादर वेदीकडे तोंड करून उभे, आम्हाला एक शब्द कळत नसे. मग श्रद्धा आली कुठून? घरातून. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की आई हातातलं काम टाकायची. केळीच्या पानांचा चीक हाताला तसाच, पदराला पुसायची आणि क्रुसाची खूण करायची. बाप वाडीतून यायचा, पायावर पाणी घ्यायचा, मग जपमाळ. दहा नमो मरिया मोजायला माझ्याकडे माळ नव्हती, आई बोटं धरायची. मोजताना मी चुकलो की ती हळूच पुढचं बोट दाबायची. तोंडाने काही म्हणायची नाही.

१७३९ मध्ये आमची वसई पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे गेली, परदेशी धर्मगुरू निघून गेले. तरी धर्म टिकला तो इथल्या धर्मगुरूंमुळे आणि अशा घरांमुळे, असं माझं ठाम मत आहे. आता मिस्सा आपल्या भाषेत आहे, सगळं कळतं, आणि घरात मात्र कोणी गुडघे टेकत नाही. माझी नातवंडं प्रार्थना इंग्रजीत म्हणतात. म्हणू देत, देवाला सगळ्या भाषा कळतात. पण मी सुरू केली की त्यांना पुढची ओळ येत नाही, त्यांनी सुरू केली की मला येत नाही. एका घरात दोन प्रार्थना झाल्यात. याला मुलं जबाबदार नाहीत.

पोरी, तू मुलाला नेलंस ते बरोबर केलंस. फक्त येताना गप्प राहायचं नव्हतं.

रविवारचा वर्ग:
आजोबांशी सहमत, पण विरारच्या दादांचंही एक मान्य करते. पंधराव्या वर्षी "मला काही वाटत नाही" म्हणणारा मुलगा निदान खरं बोलतोय. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या, वर्गात मला जास्त काळजी वाटते ती सगळ्याला मान डोलावणाऱ्यांची. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावरच्या पत्रात लिहिलं होतं की मुलांवर सतत पहारा ठेवणं म्हणजे संगोपन नव्हे. पण पहारा नको म्हणजे दारही उघडं टाकून जायचं, असं कोणी वाचू नये.

आणि सूनबाई, ज्या बाई तसं बोलल्या त्यांच्या वतीने मीच माफी मागते. मुलीची प्रार्थना तुम्ही पाठ केलीत. माझ्या वर्गातल्या कित्येक कॅथलिक घरांत तेवढं होत नाही.

पापडीची आई:
सगळ्यांचे आभार. मिस्साच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही, येत्या रविवारीही मी त्याला उठवणार. पण काल रात्री जेवल्यावर त्याला विचारलं, काय पटत नाही? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुम्ही दोघं तिथे काय करता तेच मला कळत नाही." नवऱ्याने ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, मलाही कधी कधी कळत नाही रे. मग ते दोघं अर्धा तास बोलत बसले. मी भांडी तशीच ठेवून ऐकत होते.

ऑक्टोबर येतोय, जपमाळेचा महिना. पाच रहस्यं आमच्याच्याने होणार नाहीत. एकच म्हणायचं ठरलंय, नऊ वाजता, टीव्ही बंद करून. सुरुवात नवरा करणार.