मदत हवी आहे : कोरफडीचे हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठीचे) नमुने वाळवावेत कसे?
नमस्कार. माण तालुक्यातील बांधांवरच्या कोरफडींची नोंद मी करीत आहे. बहुतेक झाडांना पिवळी फुले येतात, जी आपल्या परिचित कोरफडीची खूण आहे. परंतु दोन ठिकाणी नारिंगी फुलांची झाडे आढळली असून त्यांच्या पूर्ण वाढलेल्या पानांवरही पांढरे ठिपके कायम आहेत. कोरफडीच्या कोवळ्या रोपांवर असे ठिपके असतातच, त्यामुळे केवळ त्यांवरून वेगळी जात ठरवणे मला धोक्याचे वाटते. वनस्पतिशास्त्रज्ञ बर्मन यांनी १७६८ साली कोरफडीचे सध्याचे शास्त्रीय नाव (ॲलो व्हेरा) रूढ केले, तरी कोरफडींच्या नावांचा गोंधळ आजही संपलेला नाही, म्हणून पुराव्यादाखल नीट वाळलेला नमुना हाती असणे मला अत्यावश्यक वाटते.

अडचण नेमकी तिथेच आहे. वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवलेले एक रोप तीन आठवड्यांनी उघडले, तेव्हा त्याच्या गाभ्यातून फिकट हिरवा कोंब वर आला होता आणि कडेने पिवळा चीक, ज्यापासून काळा बोळ (वाळवलेला औषधी चीक) करतात, कागदावर तपकिरी होऊन चिकटला होता. आता पान उभे चिरून गर खरवडावा आणि साल उकळत्या पाण्यात बुडवून मग दाबावी, असा विचार आहे. मात्र त्याने काठावरच्या काट्यांचा रंग बदलेल का, की स्पिरिटमध्ये बुडवणे अधिक सुरक्षित ठरेल? घायपात किंवा निवडुंगाचे नमुने ज्यांनी स्वतः तयार केले आहेत, त्यांनी कृपया आपली पद्धत सविस्तर सांगावी.