लहान मुलांसाठी लाळेचा नमुना चालतो का?

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावाजागी फ्लॅट क्रमांक)

ए-२०३: मुलं नाकात काडी घालू देत नाहीत. फ्लू-कोविडच्या पीसीआरला (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी) थुंकी दिली तर चालते का?

डॉ. अनघा, सी-४०१: कोविडसाठी चालते. फ्लू आणि आरएसव्हीसाठी (श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू) लॅबला आधी विचारा, "तुमची टेस्ट लाळेवर तपासून घेतलेली आहे का?" आणि थुंकी म्हणजे खाकरून काढलेला बेडका नव्हे. तोंडात आपोआप साचते ती लाळ हवी. अर्धा तास आधी खाणं, पिणं, ब्रश, च्युइंगगम सगळं बंद. मान पुढे झुकवून लाळ ट्यूबमध्ये ओघळू द्यायची. १ ते २ मिली पुरे, फेस मोजायचा नाही. तोंड कोरडं पडलं तर जबडा हलवा, लिंबाचा नुसता विचार करा. लिंबू चोखू मात्र नका.

ए-२०३: बेडका का नको? त्यात विषाणू जास्त असतील ना?

नीलेश, लॅब, बी-१०२: असतीलही, पण तार धरणारा नमुना पिपेटमध्ये मोजून ओढताच येत नाही. शिवाय त्यातला चिकट म्युसिन पीसीआरला अडथळा करतो. २०२० मध्ये येल विद्यापीठाची सलायव्हाडायरेक्ट पद्धत आली. तिच्यात लाळेत प्रोटिनेज-के हे एन्झाइम घालतात, मग ९५ अंश सेल्सिअसवर ५ मिनिटं तापवून ते एन्झाइम निकामी करतात. विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) वेगळा काढावा लागत नाही. नमुना नीट आला का हे कळावं म्हणून सोबत माणसाचं आरएनेज-पी जनुकही तपासतात. विषाणू सापडला नाही आणि हे जनुकही दिसलं नाही, तर रिपोर्ट "इनव्हॅलिड" येतो. त्याला निगेटिव्ह समजू नका, नमुना पुन्हा द्या.

डी-३०४: घरच्या अँटिजेन किटवर लाळ टाकली तर?

नीलेश, लॅब, बी-१०२: किट नाकासाठी असेल तर अजिबात नको. लाळेत विषाणूचं प्रथिन कमी पडलं तर खरा आजार निसटतो. उलट आंबट पेय नुकतंच प्यायलेलं असेल तर आम्लामुळे पट्टीवरच्या अँटिबॉडी बिघडून खोटी पॉझिटिव्ह रेघही उमटू शकते.

सी-२०१: डॉक्टर, दोन-तीन वर्षांच्या मुलांचं काय? त्यांना थुंकताच येत नाही.

डॉ. अनघा, सी-४०१: लॅबकडे स्पंजची काडी असेल तर ती गालाच्या आत आणि जिभेखाली भिजेपर्यंत धरतात. अंगातलं पाणी कमी झालेल्या आजी-आजोबांना लाळच सुटत नाही, तिथे नाकाचाच नमुना बरा. लक्षणं आहेत आणि लाळेचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी नाकातून पुन्हा तपासा. धाप लागत असेल तर रिपोर्टची वाट न बघता थेट दवाखान्यात जा.

नीलेश, लॅब, बी-१०२: ट्यूबमध्ये आधीच द्रव असेल तर तो ओतून टाकू नका आणि मुलांच्या तोंडाला लागू देऊ नका. झाकण घट्ट लावा, बाहेरून पुसा, नाव आणि वेळ लिहा.