विषय: मंत्र्यांना जाणाऱ्या पत्राचा मसुदा – दुसरा परिच्छेद

प्रेषक: मृणाल (समिती)

नमस्कार मंडळी,
३१ ऑगस्ट २०२५ च्या 'मार्च फॉर ऑस्ट्रेलिया' या स्थलांतरविरोधी मोर्चाच्या पत्रकात भारतीयांचं नाव घेऊन लिहिलं होतं, तेव्हापासून व्हिक्टोरियाच्या राज्य सरकारला पत्र लिहायचं घाटतंय. मसुदा सोबत जोडलाय. दुसऱ्या परिच्छेदात 'मेलबर्नमध्ये भारतीयांवर वंशद्वेषी हल्ले वाढत आहेत' असं वाक्य आहे आणि त्यावर समितीतच जुंपली आहे. शुक्रवारपर्यंत सूचना कळवा.

प्रेषक: अविनाश

मृणाल, ते वाक्य काढ. 'वाढत आहेत' याला आधार काय? २००९ साली मी इथेच होतो. भारतीय विद्यार्थ्यांवरच्या हल्ल्यांवरून भारतातल्या वाहिन्यांनी जो धुमाकूळ घातला तो आठवतो. दिल्लीच्या एका वर्तमानपत्राने तर इथल्या पोलिसाला व्यंगचित्रात कू क्लक्स क्लॅनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गोऱ्या वंशद्वेष्ट्या टोळीच्या, टोपीत रंगवलं. जानेवारी २०१० मध्ये आपल्या एका तरुणाचा मेलबर्नच्या यारव्हिल उपनगरात खून झाला, त्यामागचं कारण सगळ्यांनी घरबसल्या ठरवून टाकलं. कोर्टात निघालं की मोबाइल हिसकावताना झालेला प्रकार. त्याच महिन्यात एकाने इन्शुरन्सपायी स्वतःची गाडी पेटवली आणि हल्ला झाला म्हणून तक्रार ठोकली. पुढे २०११ मध्ये ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिमिनॉलॉजी या सरकारी गुन्हे-संशोधन संस्थेचा अहवाल आला: भारतीय विद्यार्थ्यांना मारहाण होण्याचं प्रमाण इथल्या सर्वसाधारण लोकांएवढं किंवा त्याहून कमी. मंत्र्यांचा सल्लागार हाच कागद आपल्यापुढे टाकेल.

प्रेषक: शुभदा

अविनाशदादा, अहवाल अर्धाच सांगितलात. लुटीचं प्रमाण भारतीय मुलांच्या बाबतीत जास्त निघालं होतं, हे त्याच अहवालात आहे. ही मुलं रात्रीबेरात्री टॅक्सी चालवतात, पेट्रोल पंपावर आणि दुकानांत एकटी असतात, हेही त्यात आहे. आणि हल्ल्यामागे वंशद्वेष होता का, यावर त्यांचं उत्तर 'नाही' असं नाहीच. पोलिसांच्या नोंदींवरून हेतू ठरवता येत नाही, असं ते म्हणतात. चार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या, आणि नेमकं हेच त्यात सापडलं नाही!

माझा आक्षेप सरकारी उत्तराच्या क्रमावर आहे. २००९ मध्ये 'हे संधिसाधू गुन्हे आहेत' हे आधी जाहीर झालं, तपास मागाहून. त्याच वर्षी पोलिसांकडून आपल्या मुलांना सल्ला मिळाला की ट्रेनमध्ये लॅपटॉप, आयपॉड मिरवू नका आणि आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका. लॅपटॉप लपवायचा ते समजलं, चोर असतो. पण पंजाबी किंवा मराठी हळू बोलल्याने कुठली चोरी टळते? तोंडाने वंशद्वेष नाकारायचा आणि सल्ला मात्र तो गृहीत धरून द्यायचा.

ब्रिटनमध्ये हा क्रम उलटा केला गेला. लंडनमध्ये गोऱ्या तरुणांनी मारलेल्या स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाचा खून १९९३ चा, त्याच्या तपासातल्या चुकांवरचा मॅकफर्सन चौकशी अहवाल १९९९ चा. त्याने सांगितलं की पीडिताला किंवा इतर कुणालाही घटना वंशद्वेषी वाटली तर नोंद तशीच करायची. मग करा तपास. तपासात नाही निघालं तर नाही निघालं.

प्रेषक: अविनाश

'वाटलं' म्हणून नोंद केली तर पार्किंगवरून झालेलं प्रत्येक भांडण त्यात जाईल. शिवाय सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं खरं नाही. २००८ मध्ये टॅक्सीवाल्यांनी फ्लिंडर्स स्ट्रीटवर ठाण मांडलं, तेव्हा चालकांच्या सीटभोवती संरक्षक पडदे आले. २००९ च्या शेवटी व्हिक्टोरियाने सेंटेन्सिंग ॲक्ट बदलला: गुन्ह्यामागे एखाद्या गटाविषयी द्वेष असेल तर शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी तो विचारात घ्यायचा. आणि आता २० सप्टेंबर २०२५ पासून द्वेष पसरवण्याविरुद्धची नवी फौजदारी कलमं लागू आहेत.

प्रेषक: शुभदा

कायदा आहेच हो. पण द्वेष होता हे न्यायाधीशांपर्यंत पोचवायचं कुणी? पहिल्या जबाबात हल्लेखोराचे शब्द नसतील तर सरकारी वकील तो मुद्दा उभा तरी कशावर करणार?

प्रेषक: ओंकार

सर्वांना नमस्कार, मी इथे मास्टर्स करतोय, पहिल्यांदाच लिहितोय. स्टेशनबाहेर दोघांनी मला ढकललं, देशावरून घाण शिव्या दिल्या. तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, काय चोरीला गेलं? काहीच नाही म्हटलं. शिव्या काय होत्या ते मी सांगत होतो, पण लिहून कुणी घेतलं नाही. प्लॅटफॉर्मवरच्या कॅमेऱ्याची फीत मागवणार का विचारलं, तर 'कळवू' म्हणाले. काका, ही घटना तुमच्या आकड्यांत कुठे बसते?

प्रेषक: अविनाश

ओंकार, कुठेच बसत नाही. तक्रारीचा क्रमांक मला वेगळ्या मेलवर पाठव, शब्द आठवताहेत तोवर जसेच्या तसे लिहून ठेव, शिव्यांसकट, लाजू नकोस. पुरवणी जबाब देता येतो, मी बरोबर येतो. मृणाल, 'वाढत आहेत' मात्र काढच. आपल्याकडेही मोजमाप नाही.

प्रेषक: मृणाल (समिती)

मंडळी, ते वाक्य काढलंय. दुसरा परिच्छेद आता असा:

'हल्लेखोराचे शब्द तक्रारदार सांगेल तसे पहिल्याच जबाबात लिहून घ्यावेत. तक्रारदाराला हल्ला वंशद्वेषातून झाला असं वाटत असल्यास तशी नोंद त्याच वेळी व्हावी आणि ती नंतर बदलल्यास कारण लेखी कळवावं. अशा किती नोंदी झाल्या, किती कोर्टात गेल्या आणि किती प्रकरणांत शिक्षा देताना द्वेषाचा हेतू धरला गेला, हे आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत. तपास पूर्ण होण्याआधी हेतूबद्दल अधिकृत निवेदन करू नये, होकारार्थी किंवा नकारार्थी.'

शेवटचं वाक्य शुभदाचं, 'होकारार्थी' हा शब्द अविनाशदादांचा. आता 'भारतीय' लिहायचं की 'स्थलांतरित', एवढंच उरलंय. सोमाली आणि सुदानी मुलांचंही हेच रडगाणं आहे, त्यामुळे माझं मत 'स्थलांतरित'ला. यावर पुन्हा मेलामेली नको, फोन करा.