अनुभव धागा: परक्या मुलखातले जुने किल्ले आणि सोबत तिथलाच गाइड

मंडळी, आपल्यातले बरेच जण आता युरोपात किल्ले आणि तटबंदीतली जुनी गावं बघून येतात. राजगडावर कुठे काय घडलं हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. परक्या किल्ल्यात मात्र दगड दिसतात आणि पुढचं काही उलगडत नाही. तिथलाच माणूस खासगी गाइड म्हणून सोबत घेतलात, तर काय वेगळं बघायला मिळालं? चांगलं-वाईट दोन्ही लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही दोघं गेल्या वर्षी रोमेनियात ट्रान्सिल्व्हेनियाला गेलो होतो. ब्राशोव्हचा एक गाइड दोन दिवस स्वतःच्या गाडीने फिरवत होता. ब्रानच्या किल्ल्याखाली ड्रॅक्युलाच्या मुखवट्यांची दुकानं ओळीने लागलेली. त्याने गाडीतच सांगितलं, "ती कादंबरी लिहिणारा या देशात कधी आलाच नव्हता. तुम्ही हा किल्ला जकातीसाठी बघा." आणि खरंच, वरच्या सज्जातून खाली बघितल्यावर खिंडीतून जाणारा एकुलता एक रस्ता दिसला. १३७७ साली हंगेरीच्या राजाने ब्राशोव्हच्या सॅक्सन, म्हणजे तिथे वसलेल्या जर्मन, लोकांना इथे किल्ला बांधायची परवानगी दिली. खिंड राखायची आणि ये-जा करणाऱ्या मालावर जकात घ्यायची. हे म्हणाले, "अगं, हा तर आपला नाणेघाट!" त्यानंतर तो किल्ला मला परका वाटलाच नाही.

पण मनात घर करून बसलं ते बीएर्तान नावाचं गाव. टेकडीवर चर्च आणि त्याभोवती तटाची तीन कडी. बाराव्या शतकापासून इथे येऊन वसलेल्या या जर्मन शेतकऱ्यांकडे सरदार नव्हते, गडकोट नव्हते. मग त्यांनी गावचं देऊळच किल्ला केलं. हल्ला आला की माणसं, जनावरं, धान्य सगळं आत. आसपासच्या काही गावांत खारवलेलं डुकराचं मांस टांगायला वेगळा बुरूज असायचा, तोही त्याने नंतर एका गावात दाखवला. बीएर्तानच्या चर्चमधल्या एका खोलीचं दार १५१५ सालचं आहे. आतल्या बाजूने बघितलं तर डझनाहून जास्त अडसर, आणि एकच किल्ली फिरवली की सगळे एकदम सरकतात. हे कुलूप १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ठेवलं होतं. मी त्या दारापाशी किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. माझे आजोबा कुलपं दुरुस्त करायचे.

बाहेर एका बुरुजात छोटी खोली आहे. काडीमोड मागणाऱ्या जोडप्याला तिथे कोंडून ठेवत. एक पलंग, एक ताट, एक चमचा. बहुतेक जोडपी म्हणे दिलजमाई करूनच बाहेर पडत. गाइडने ही गोष्ट हसत हसत सांगितली आणि मग एकदम गप्प झाला. परत जाताना त्याने गल्लीतली बंद घरं दाखवली. १९८९ नंतर बहुतेक सॅक्सन कुटुंबं जर्मनीला निघून गेली. शेजारच्या अंगणात तो लहानपणी खेळायचा, त्या घराला आज कुलूप आहे. हे कुठल्या पाटीवर वाचायला मिळणार?

*

ताई, बीएर्तान वाचून अंगावर काटा आला. माझा अनुभव वेल्समधल्या कॉन्वीचा. मुलगी लिव्हरपूलला असते, तिने निळ्या बिल्ल्याचा, म्हणजे रीतसर परीक्षा पास झालेला ब्लू बॅज गाइड ठरवून दिला. पक्का वेल्श माणूस. किल्ल्यात शिरायच्या आधी तो आम्हाला सेंट मेरी चर्चमध्ये घेऊन गेला. म्हणाला, "आमच्या थोरल्या लुवेलिन राजाला इथे, या मठात पुरलं होतं. इंग्लंडच्या राजाने, पहिल्या एडवर्डने, मठच इथून हलवला आणि त्या जागी आपलं गाव वसवलं." १२८३ ला काम सुरू झालं आणि चार-पाच वर्षांत आठ बुरुजांचा किल्ला आणि गावाचा तट उभा राहिला. त्या तटाच्या आत वेल्श माणसाला राहायला मनाई होती. हे ऐकून मग किल्ला बघितला. सुंदर आहेच, पण बुरुजावर उभं राहून मी गावाकडेच बघत राहिलो.

गोल जिना चढताना मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, की तलवारीचा उजवा हात वरच्याला मोकळा राहावा म्हणून जिना असा वळवलाय ना? तो म्हणाला, ही गोष्ट सगळेच सांगतात, पण त्या काळातला पुरावा कुणाकडे नाही, आणि उलट वळणाचे जिनेही आहेत. माझ्या मते हीच चांगल्या गाइडची खूण. जे पक्कं नाही ते तो पक्कं म्हणून सांगत नाही.

गावाच्या दक्षिण तटावर बाहेर काढलेले बारा शौचकूप ओळीने आहेत. मी त्याला फोनमधला रायगडावरचा शौचकूपाचा फोटो दाखवला. पुढचा अर्धा तास तोच मला प्रश्न विचारत होता. आपले बारा किल्ले २०२५ साली जागतिक वारसा यादीत आले, हे सांगितल्यावर त्याने वहीत नावं लिहून घेतली. शिवनेरीचा उच्चार तीनदा करून बघितला.

*

वाईट अनुभव लिहिते. चेक रिपब्लिकमध्ये चेस्की क्रुमलोवला एका टूर कंपनीबरोबर गेलो, चाळीस जण. किल्ल्याच्या खंदकात पाळलेली अस्वलं, एक पूल, जेवण, बस. आईचे गुडघे दुखतात, तिच्यासाठी कुणी थांबलं नाही. ती बाकावर बसून रडली. ते मला अजून सहन होत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मुक्काम वाढवला आणि तिथल्याच एका बाईंना विचारलं. त्यांनी आईच्या चालीने चालवलं. भिंतींवर जे कोरीव दगड वाटतात ते बरेचसे गिलाव्यावर खरवडून केलेले आहेत, हे आईने हात लावून बघितलं. बसेस गेल्यावर संध्याकाळी गाव केवढं शांत होतं! गुडघेदुखी, लहान मुलं, पथ्याचं जेवण, काहीही असेल तर गाइडला आधीच कळवा. आणि एक प्रश्न नक्की विचारा: तुम्ही याच गावात राहता का?

*

एस्टोनियाचं टाल्लिन, थोडक्यात. १४२२ पासून तरी चालू असलेलं औषधाचं दुकान बघितलं. 'स्वयंपाकघरात डोकाव' अशा नावाचा बुरूज बघितला. वरून खालच्या घरांची स्वयंपाकघरं दिसायची म्हणे. वर सरदारांचं गाव, खाली व्यापाऱ्यांचं, मधे जाड लाकडी दरवाजा. सगळं छान. शेवटी आमची गाइड पिक हरमान बुरुजाखाली थांबली. २४ फेब्रुवारी १९८९ ला, सोव्हिएत अंमल असतानाच, इथे एस्टोनियाचा निळा-काळा-पांढरा झेंडा पुन्हा चढला. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, वडिलांच्या खांद्यावर. "थंडी एवढी होती की बाबांच्या टोपीत मी हात घातले होते," एवढंच म्हणाली आणि वर बघत राहिली. आम्हीही बघत राहिलो. झेंडा फडफडत होता.