जाहिरातीतले अकरा लाख, दारात येईपर्यंत साडेसतरा

विश्रामबागवाला:
काल आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एकानं टाकलं, "नवी ह्युंदाई व्हर्ना अकरा लाखांत, ॲव्हरेज २०, सहा एअरबॅग, पाच स्टार. यापुढं एसयूव्ही घेणारा वेडा." खाली अंगठ्यांची रांग. तिथं उत्तर दिलं असतं तर शेजाऱ्याशी बोलणं बंद झालं असतं, म्हणून इथं लिहितोय. दोन महिने झाले, मी मिडसाइज सेडानसाठी सांगली-कोल्हापूर-सातारा कोटेशनं गोळा करत फिरतोय, त्यामुळं ही ओळ मला फार लागली.

एअरबॅग आणि स्टार खरे आहेत. सहा एअरबॅग खालच्या ट्रिमपासून (ट्रिम म्हणजे त्याच मॉडेलचा कमी-जास्त सोयींचा प्रकार) आहेत आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गाड्यांची धडक चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं पाच स्टार दिले. त्यावर वाद नाही. पण अकरा लाख आणि वीस हे दोन आकडे एका गाडीचे नाहीतच! मार्च २०२३ ला हे मॉडेल आलं तेव्हा सगळ्यात खालची ईएक्स १०.९० लाख आणि सगळ्यात वरची टर्बो ऑटोमॅटिक १७.३८ लाख, एक्स शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा सोडून. ईएक्समध्ये साधं दीड लिटरचं ११५ पीएस ताकदीचं इंजिन आणि मॅन्युअल गिअर. त्याचा कंपनीचा ॲव्हरेजचा आकडा लिटरला १८.६. त्याच इंजिनाला आयव्हीटी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअर, लावली की १९.६. वीस येतं ते १६० पीएसच्या टर्बोला (हवा दाबून ताकद वाढवणारं इंजिन), मॅन्युअलमध्ये २० आणि डीसीटीत, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये, २०.६. आणि टर्बो सुरू व्हायची वरच्या एसएक्स ट्रिमपासून. म्हणजे किंमत तळमजल्याची सांगायची आणि ॲव्हरेज गच्चीवरचं.

पंधरा लाखांची ट्रिम धरा. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. दहा लाखांच्या वर गेलं की टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आधीच घेतलेला आयकर, १ टक्का, १५ हजार. तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण चेक लिहिताना तर लिहावाच लागतो. विमा साधारण ६० हजार. झाले साडेसतरा लाख, अजून मॅट आणि सीट कव्हर बाकीच. मी तीन कंपन्यांच्या शोरूममध्ये गेलो. खालची ट्रिम कुठंच उभी नव्हती. "मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही," आणि लगेच वरच्या ट्रिमची टेस्ट ड्राइव्ह. एका ठिकाणी तर न मागितलेली ३८ हजारांची ॲक्सेसरी कोटेशनमध्ये छापून दिली होती. माणूस आयुष्यात दोनदा-तीनदा गाडी घेतो. त्याला एका ओळीत नीट किंमत सांगायला काय होतं?

एमएच५० कराडी:
दादा, हिशोब चांगला मांडलाय, पण तुम्हीही तेच केलंय. जाहिरातीतला अकरा एक्स शोरूम आणि तुमचा साडेसतरा ऑनरोड, म्हणजे टॅक्स-विम्यासकट, तोही वेगळ्या ट्रिमचा. ईएक्स ऑनरोड काढा की. १०.९० वर १२ टक्के म्हणजे १ लाख ३१ हजार, टीसीएस, विमा, सगळं धरून पावणेतेरा. अकराचे साडेसतरा होत नाहीत, पावणेतेरा होतात. हेडिंग बदला.

आणि टर्बोला नावं ठेवू नका. मी दर आठवड्याला कराड-पुणे करतो. माझी टर्बो व्हर्ना नव्हे, दुसऱ्या कंपनीची आहे. मागच्या पावसाळ्यात सासऱ्यांना छातीत दुखायला लागलं म्हणून रात्री अकराला पुण्याला न्यायचं होतं. खंबाटकीला ट्रकची रांग. तिसऱ्या गिअरला पाय दिला की गाडी पुढं. त्या रात्री ॲव्हरेज बारा पडलं असेल, मला त्याचं काही वाटत नाही. सासरे आज घरी बसून चहा पितायत.

विश्रामबागवाला:
सासरे बरे आहेत हे वाचून खरंच बरं वाटलं. ऑनरोडचं तुमचं बरोबर आहे, एक्स शोरूमशी ऑनरोड जुळवायला नको होतं. हेडिंग मात्र ठेवतोय, कारण "अकरा" वाचून आत गेलेला माणूस शेवटी पंधराचीच गाडी घेऊन बाहेर येतो. आणि तुमची बारा पडली तर मग २०.६ हा आकडा कुणासाठी आहे?

मिरज जंक्शन:
२२ वर्षं गॅरेज चालवतोय, मी सांगतो कुणासाठी आहे. तो आकडा रोलरवर काढतात. ठरलेलं चक्र, कमाल वेग ताशी ९०, तोही थोडा वेळ, एसी बंद, गाडीत एकटा माणूस. गाड्यांची चाचणी घेणारी एआरएआय संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, पण टेकडी चढून टेस्ट करत नाहीत. त्या चाचणीत टर्बोला जोर लावावाच लागत नाही. इंजिनाच्या कमी फेऱ्यांनाच (आरपीएम) ओढ, म्हणजे टॉर्क, मिळतो, डीसीटी पटापट वरचा गिअर टाकते, म्हणून साध्या इंजिनापेक्षा टर्बोचा आकडा मोठा दिसतो. रस्त्यावर टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, आला की पेट्रोलही त्याच मापानं जातं. साधं इंजिन कागदावर मागं असतं, पण हातात फार खोटं ठरत नाही.

आणखी एक. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज दाखवून गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं. ते बघू नका. टाकी ऑटो कट होईस्तोवर भरा, तीनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर त्याच नोझलनं परत कट होईस्तोवर भरा आणि भागाकार करा. टायरची हवा बघून. माझ्याकडच्या दहातल्या सात गाड्यांत हवा कमी असते आणि मालक इंजिनाला शिव्या देत असतो.

साताऱ्याची लेक:
सगळ्यांचं इंजिन चाललंय. गाडीत बसायचं कुणी, ते कुणी बोलेल का? आईचे दोन्ही गुडघे गेलेत. सेडानमध्ये ती बसत नाही, पडते. आणि उतरताना मला दोन्ही हात धरून ओढावं लागतं. डिकी ५२८ लिटरची आहे म्हणे, पण डिकीत आई बसणार नाही. मी सेडान सोडून उंच गाडी घेतली ती फक्त या कारणासाठी. घेतानाही एका सेल्समननं ऐकवलं, "मॅडम, एसयूव्हीला टॅक्स जास्त असतो." नंतर कळलं की तो जीएसटीवरचा जास्तीचा सेस १५०० सीसीच्या वरच्या गाड्यांना होता. १४९७ सीसीची क्रेटा एसयूव्ही आणि १४९७ सीसीची व्हर्ना, दोन्हींना जीएसटी-सेस मिळून ४५ टक्केच होते, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींना ४०. बाई दिसली की काहीही सांगतात.

द्राक्षबाग तासगाव:
ताईंशी सहमत. बागेत जायच्या रस्त्यावर सेडान नेऊन दाखवा. स्कोडाच्या स्लाव्हिया सेडानचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) १७९ मिलिमीटर आहे, तरी चार माणसं आणि औषधाचे दोन कॅन टाकले की पोट घासतंच. सेडान ही विश्रामबागेतून मॉलला जायची गाडी आहे.

विश्रामबागवाला:
मी बागेत जातच नाही! माझं जाणं सांगली-मिरज आणि महिन्यातून एकदा पुणे. सरळ रस्त्याला सेडानसारखी बसकी, स्थिर गाडी नाही. प्रत्येकानं आपली गरज दुसऱ्याच्या डोक्यावर का मारायची?

तुमचा जीएसटीचा मुद्दा मात्र मोलाचा आहे. ४५ चे ४० झाले म्हणजे किंमत साडेतीन टक्क्यांनीसुद्धा उतरली नाही. शंभराच्या गाडीला १४५ चे १४० झाले. पंधरा लाखांना पन्नासेक हजार. आणि चार मीटरच्या आतली, १२०० सीसीच्या आतली पेट्रोल गाडी २९ वरून १८ वर आली, म्हणजे साडेआठ टक्के. मिडसाइज आणि मारुतीची छोटी सेडान डिझायर यांच्यातलं अंतर आणखी वाढलं. मारुतीची मिडसाइज सियाझ तर २०२५ मध्ये बंदच झाली. मधला माणूस जायचा कुठं?

वारणाकाठ:
डिझायर घ्या. २४.७९ आहे मॅन्युअलला, पाच स्टारही आहेत. विषय संपला.

एमएच५० कराडी:
२४.७९ रोलरवर. शिवाय आता सगळ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. कंपनीचा आकडा कुठलाही असो, या ई२० पेट्रोलनं त्यातलं आधीच खाल्लंय. माझ्या जुन्या गाडीचं ॲव्हरेज दीडनं उतरलं. पैसे पेट्रोलचे घेतात आणि मिळतं काय?

वारणाकाठ:
आता मला बोलावंच लागेल. मिळतं काय? आमचा ऊस मिळतो. माझा साडेतीन एकर ऊस आहे. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये, तीही १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, आणि त्यातून तोडणी-वाहतूक कापून. कायद्यानं १४ दिवसांत बिल यायला पाहिजे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. माझं बिल एका हंगामात चार महिन्यांनी आलं होतं. व्याज अजून बघतोय. कारखान्याच्या हातात इथेनॉलचा पैसा यायला लागला तसं बिल वेळेवर यायला लागलं. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला, त्यानंतर तो कितीतरी वर्षं तिथंच राहिला. तुमच्या गाडीचं दीड किलोमीटर गेलं म्हणून आमचं घर बंद करायचं का?

एमएच५० कराडी:
घर बंद करा असं मी कुठं म्हटलं? मी पण कराडचा आहे, आमच्याही घरी ऊस आहे. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी असते, हे शास्त्र आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय, ई१० साठी ट्यून केलेल्या जुन्या चारचाकीला ६ ते ७ टक्के फटका, ई२० साठी ट्यून केलेल्या गाडीला १ ते २. मग पंपावर दर कमी का नाही?

वारणाकाठ:
तो प्रश्न दिल्लीला विचारा, बांधावर येऊन नको. ७ डिसेंबर २०२३ ला एका आदेशानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवड्याभरात मर्यादा घालून थोडं मोकळं केलं, पण तोवर कारखान्यांनी कर्ज काढून इथेनॉलच्या आसवन्या (डिस्टिलऱ्या) उभ्या केलेल्या. तेव्हा एकाही गाडीवाल्यानं आमच्यासाठी एक ओळ लिहिली नाही. ॲव्हरेज उतरलं की मात्र लगेच इथेनॉल आठवतं. लाज वाटू दे थोडी.

द्राक्षबाग तासगाव:
भाऊ, उसाला एफआरपी तरी आहे. द्राक्षाला काय आहे? अवकाळीनं मणी तडकले की बेदाणाही धड होत नाही. आणि आता इथेनॉलमधला मोठा वाटा धान्याचा आहे, त्यातही मक्याचा. तुमच्या उसाच्या नावावर मका जळतोय. त्याचं उत्तर द्या.

साताऱ्याची लेक:
धागा गाडीचा होता. आणि "लाज वाटू दे" वगैरे बोलू नका, आपण सगळे याच मातीतले आहोत.

वारणाकाठ:
ताई, तो शब्द मागं घेतो. मुद्दा घेत नाही.

मिरज जंक्शन:
इथेनॉलवर फिटर म्हणून दोन ओळी. २०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांचे पाइप, सील ई२० धरून केलेत, तिथं घाबरू नका. जुन्या गाडीचं रबर तपासून घ्या. आणि इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. गेल्या वर्षी परदेशात गेलेल्या एका मालकाची गाडी आली, टाकी उतरवून धुवायला लागली.

विश्रामबागवाला:
पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिडबद्दल कुणी बोललंच नाही. मी होंडा सिटी हायब्रिडचाही विचार केला होता. कागदावर २७.१३. रस्त्यावर २१ धरू, साध्या पेट्रोलला १५. माझं वर्षाला दहा हजार किलोमीटर. एकाला ६६७ लिटर, दुसऱ्याला ४७६. वाचले १९१ लिटर, १०५ च्या दरानं वीस हजार. दोन गाड्यांत चार लाखांचा फरक पडला तर भरून यायला वीस वर्षं. तोवर मी गाडी चालवायच्या वयात नसेन.

एमएच५० कराडी:
माझं वर्षाला तीस हजार होतं. मला सात वर्षांत फिटेल. म्हणून म्हणतो, तुमचा हिशोब तुमच्यापुरता खरा. आणि फिटरदादांचं ऐकून शनिवारी टाकी ते टाकी केलं. हवा बघून, एसी चालू, दोघं जण, मलकापूरच्या पंपापासून पुणे आणि परत. ३२५ किलोमीटर, २१.४ लिटर. १५.२ पडलं. स्क्रीन १७.८ दाखवत होती. मी चार वर्षं त्या स्क्रीनवर विश्वास ठेवून लोकांना अठरा सांगत होतो. सांगितलं ते चुकीचं होतं. टर्बो तरीही विकणार नाही.

विश्रामबागवाला:
मोकळेपणानं आकडा सांगितलात, आभार. मी साध्या इंजिनाची मधली ट्रिम ठरवतोय, मॅन्युअल. सनरूफ नको, ड्रायव्हरला मदत करणारी एडीएएस यंत्रणा नको. विमा बाहेरून घेणार आणि तसं कोटेशन लेखी मागितलंय. सोमवारी जातोय. आईसाहेबांच्या गुडघ्यांचं वाचून घरी बायकोलाही आधी मागच्या सीटवर दहा मिनिटं बसवून बघणार आहे, ते माझ्या यादीत नव्हतं.

साताऱ्याची लेक:
दहा मिनिटं बसवून काही कळत नाही. पाच वेळा चढ-उतार करायला लावा.

द्राक्षबाग तासगाव:
मक्याचं उत्तर अजून आलं नाही.

वारणाकाठ:
रात्री पाण्याची पाळी आहे. उद्या देतो.