इंद्रजालच्या जादा प्रती विकाव्यात का?

इंद्रजाल या जुन्या कॉमिक्स मालिकेतल्या एकाच अंकाच्या दोन प्रती असतील तर एक विकावी का, यावर माझं मत: जरूर विका, पण मराठी असेल तर राखून ठेवा. मीही आधी १९६४ पासूनचे इंग्रजी अंक क्रमाने जमवायच्या मागे होतो. पुढे त्यातले बरेच विकून वेताळ (म्हणजे फँटम) नि जादूगार मँड्रेक यांचे मराठी अंक घेत गेलो. हे अंक घरोघरी हाताळून फाटले, उरलेले रद्दीत गेले. धड प्रत क्वचितच दिसते. घेताना मधलं पान आधी बघा, पिना गंजल्या की ते सुटतं. चित्रकार बी. गोविंद यांनी रंगवलेलं मुखपृष्ठ शाबूत असेल तर चार पैसे जास्त द्यायला मी कचरत नाही. आणि बाइंडिंग केलेले गठ्ठे सोडू नका. कडा कापल्याने भाव कमी मिळतो, पण गोष्ट पूर्ण वाचायला मिळते.