प्रति: रात्रीची खिचडी आणि झोप
चांगल्या झोपेसाठी रात्री मऊ खिचडी बरी, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय ते पटलं. पण ‘झोप येत नसेल तर दुधात जायफळ वाढवा’ हा तिथलाच सल्ला, तो कृपा करून पाळू नका. सहाणेवर दोन-तीन वेढे उगाळलं की कपभर दुधाला पुरतं. चमचाभर पूड पोटात गेली तर तोंडाला कोरड पडते, छातीत धडधडतं आणि होती ती झोपही उडते.

खिचडीला 1 वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, 6 वाट्या गरम पाणी आणि हिंग-जिऱ्याची फोडणी. पाणी कमी पडलं की गार होताना तिचा गोळा होतो, मग घास उतरावा म्हणून लोणचं वाढत जातं आणि आडवं झाल्यावर जळजळतं. जेवण झोपेच्या 2-3 तास आधी उरका. संध्याकाळचा चहाही बघा, त्यातलं कॅफीन अंगात निम्मं व्हायलाच साधारण 5 तास लागतात.